ब्रेक सर्व्हिसचे पैसे घेतले आणि डिस्कवर तेल मारून दिलं

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सिंहगडाचा घाट उतरताना माझ्या सायकलचे ब्रेक लागेनात. लिव्हर पूर्ण दाबलेला, हाताला कडक लागतोय, डिस्क (चाकासोबत फिरणारी, ब्रेक जिला धरतो ती धातूची चकती) किंचाळतेय आणि सायकल मात्र पुढेच चाललीय. वळणावर समोरून जीप आली. डोंगराच्या बाजूला चिखलाचा चर होता, त्यात मी सायकल घातली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. आणि हे सगळं ब्रेकची सर्व्हिस करून आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

झालं असं होतं की महिनाभर चिखलपाण्यात फिरवल्यावर ब्रेक ओरडायला लागले होते. घराजवळ सायकलचं एक मोठं, चकाचक दुकान आहे. तिथे नेली. दुकानदाराने चाक फिरवलं न फिरवलं तोच म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडचे पॅड गेलेत. ब्लीडिंगही करावं लागेल. डिस्कही संपत आल्यात, पण त्या पुढच्या वेळी बदलू." पॅड म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे तुकडे, आणि ब्लीडिंग म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढून तेल नव्याने भरणं. २,६०० रुपये सांगितले. मी हो म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या मुलाने सायकल स्टँडवर टांगून चाक गरगर फिरवलं, लिव्हर दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. आवाज अजिबात नाही. मी पैसे देऊन निघाले. पावतीवर तीनच शब्द होते, 'ब्रेक फुल सर्व्हिस'.

स्टँडवरच्या त्या चाचणीला भुलू नका, हे मी कळकळीने सांगते. टांगलेलं रिकामं चाक थांबवायला ताकद लागतेच किती? तेलकट पॅडसुद्धा ते थांबवतो. घाटात मात्र माणसाचं आणि सायकलचं मिळून सत्तर-ऐंशी किलो वजन उतारावरून खाली येत असतं, आणि ते सगळं दोन छोट्या डिस्कना अडवायचं असतं.

पडल्यानंतर मी सायकल धायरीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी आधी डिस्कवरून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर पिवळट काळा पट्टा उमटला. त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला. चेनवर मारायच्या स्प्रेचा वास! "ताई, ओरडणं बंद व्हावं म्हणून डिस्कवर स्प्रे मारलाय. आवाज एक दिवस बंद होतो, पण ब्रेकही जातो." मग त्यांनी हँडलवरच्या लिव्हरकडे बोट दाखवलं. ब्लीडिंग करायचं तर तिथला बारीक स्क्रू काढून त्या जागी तेलाचं नरसाळं बसवावं लागतं. त्या स्क्रूच्या षटकोनी खाचेत पावसातला चिखल वाळून घट्ट बसला होता. नखाने खरवडला तेव्हा तो गोळीसारखा अख्खा बाहेर आला. म्हणजे त्या खाचेत पान्ना गेलेलाच नव्हता.

पॅड काढले तर ते जुनेच, वरून पॉलिश पेपरने घासलेले. धरून ठेवणारी पिनही तीच, गंजलेली. त्यांवरचं घर्षणाचं साहित्य जेमतेम अर्धा मिलिमीटर उरलं होतं, आणि माझे ब्रेक ज्या कंपनीचे आहेत त्या शिमानोच्या पॅडला बदलायची खूण तीच, ०.५ मिलिमीटर. मग काकांनी डिस्कला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, १.७ मिलिमीटर आलं. माझी डिस्क नवी असताना १.८ असते आणि १.५ झाली की बदलायची. ही मर्यादा डिस्कवरच बारीक अक्षरात कोरलेली असते. मी ती कधी वाचली नव्हती. म्हणजे जे बदलायला हवं होतं ते बदललं नाही, आणि जे चांगलं होतं ते पुढच्या वेळी विकायची तयारी करून ठेवली होती.

मी पॅड पिशवीत घालून दुकानात गेले. मालक म्हणाला, "हे आमच्याकडचेच कशावरून?" पावतीवर पॅडचा उल्लेखच नाही, तर काय बोलणार? शेवटी "पुढची सर्व्हिस फ्री करून देतो" म्हणाला. मी ती घेतली नाही. पैशांपेक्षा मला राग त्या स्प्रेचा आहे. पैसे खाल्ले असते आणि ब्रेकला हातही लावला नसता, तर निदान ओरडणारा का होईना, ब्रेक लागला तरी असता.

काकांनी पॅड नवे घातले, कारण तेल एकदा आत मुरलं की पॅडचा भरवसा राहत नाही. डिस्क मात्र नुसती पुसली: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरं फडकं, चेन पुसलेलं नव्हे. पुसून झाल्यावर तिला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही पुरतं. मग रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक होऊ न देता, चालण्याच्या वेगापर्यंत सायकल हळू करायची. असं वीसेकदा केल्यावर नव्या पॅडचा थर डिस्कवर बसतो आणि ब्रेक खरा धरतो. अल्कोहोलची बाटली मी आणली, पुढची सफाई मीच करते. अर्ध्या तासाचं काम आहे.

सर्व्हिसला टाकताना आता मी पॅडच्या पाठीवर मार्करने रेघ मारते आणि मोबाइलमध्ये फोटो काढते. बदललेले जुने पॅड परत मागते. पावतीवर पॅड, ब्लीडिंग, मजुरी वेगवेगळी लिहून घेते. ब्लीडिंग केलं म्हणाले तर कुठलं तेल घातलं तेही विचारते. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट फ्लुइड नावाचा वेगळा द्रव लागतो, आणि एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतली रबरी सीलं फुगून खराब होतात. ज्याने काम केलंय तो लगेच उत्तर देतो.

ते घासलेले पॅड मी जपून ठेवलेत. तेल मुरलेला पॅड कसा दिसतो हे कुणाला हातात घेऊन बघायचं असेल, तर रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी गोळेवाडीत चहाला थांबते, तेव्हा माझ्या बॅगेत असतात.