माल्टा की क्रीट? आधी दिवस मोजा, मग सोबतची माणसं

तुमच्यापैकी गाडी कोण चालवणार आहे? माल्टाला जावं की क्रीटला, असं कुणी विचारलं की मी आधी हे विचारून घेते. भूमध्य समुद्रातली ही दोन्ही बेटं सुंदर आहेत. दोन्हीकडे युरो चालतो आणि दोन्हीसाठी शेंगेनचाच व्हिसा लागतो. तरी एकाच्या जागी दुसरं निवडलं तर अख्खी सुट्टी वेगळी होते. गाडी चालवणारं कुणी नसेल, सोबत आई-वडील असतील आणि सहा-सात दिवस हाताशी असतील, तर मी माल्टा सांगते. उजव्या बाजूनं गाडी चालवायची तयारी असेल आणि निदान नऊ-दहा दिवस असतील, तर क्रीट. पाच दिवसांत क्रीट उरकायचा बेत कुणी सांगितला, तर मी मनापासून नको म्हणते.

हा फरक मुळात आकाराचा आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटं मिळून माल्टा देश होतो, आणि तो भरतो 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मा. ग्रीसचं क्रीट बेट एकटं 8,336 चौरस किलोमीटरचं, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून किंचित मोठं. पूर्व-पश्चिम लांबी 260 किलोमीटर, आणि मधोमध डोंगरांचा कणा. त्यातलं सिलोरितिस शिखर 2,456 मीटर उंच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात येऊन मंडणगड आणि राजापूर दोन्ही एकाच दिवसात निवांत पाहू म्हणणाऱ्याला आपण जे सांगू, तेच क्रीटच्या बाबतीत स्वतःला सांगायला हवं. माल्टात एकच खोली घेऊन आठवडाभर तिथूनच फिरता येतं. क्रीटमध्ये मुक्काम निदान दोन ठिकाणी हवा: काही रात्री पश्चिमेला हानियात, काही मध्यावर हेराक्लिऑनजवळ.

फिरणं

माल्टात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात. 1964 पर्यंत तिथं इंग्रजांचं राज्य होतं, त्याची ही खूण. इंग्रजी ही राजभाषांपैकी एक असल्यामुळे बसवरच्या पाट्या, औषधाच्या दुकानातलं बोलणं, हॉटेलवाल्याशी घासाघीस, काहीच अडत नाही. बसचं जाळं जवळजवळ सगळ्या बेटावर आहे आणि बहुतेक मार्ग राजधानी वॅलेटाच्या वेशीबाहेरच्या स्थानकातून सुटतात. एका तिकिटावर दोन तास बस बदलत फिरता येतं, सात दिवसांचं कार्डही मिळतं. अडचण उन्हाळ्यात येते. स्लीमा आणि सेंट ज्युलियन्सच्या थांब्यांवर बस भरून येते आणि न थांबता निघून जाते. आईला घेऊन मी अशा थांब्यावर उन्हात उभी राहिले आहे, म्हणून सांगते: ज्येष्ठांसोबत असाल तर दुपारच्या वेळी बोल्ट किंवा ऊबरला पैसे खर्च करा. अंतरं छोटी असल्यानं ते परवडतं. भाड्याची गाडी मात्र माल्टात मी घेणार नाही. रस्ते गच्च असतात आणि पार्किंग शोधण्यातच संध्याकाळ जाते.

क्रीटमध्ये उलट आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या शहरांना जोडणाऱ्या केटेल या बससेवेच्या बस चांगल्या आहेत. हेराक्लिऑन ते हानिया साधारण 140 किलोमीटर, बसनं अडीच-तीन तासांचा प्रवास. पण दक्षिणेकडची गावं, डोंगरातली वस्ती, एखादा रिकामा किनारा हे सगळं बसच्या वेळापत्रकात बसत नाही. गाडी घ्याल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो वर्षभर चालतो. मोठ्या रस्त्यावर मंद गाड्या उजव्या कडेच्या पट्टीवर अर्ध्या उतरून मागच्यांना वाट देतात. पहिल्या दिवशी हे पाहून धडकी भरते, दुसऱ्या दिवशी आपणही तसंच करायला लागतो. घाटात वळणापलीकडे शेळ्या उभ्या असतील असं धरूनच चालवा. आणि बालोसच्या किनाऱ्याकडे जाणारा शेवटचा कच्चा रस्ता भाड्याच्या गाडीनं करू नका. त्या रस्त्यावरचं नुकसान बऱ्याच कंपन्यांच्या विम्यात धरलेलं नसतं. किसामोसहून बोट जाते, ती घ्या.

शाकाहारी माणसांसाठी

या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या घरांत पुष्कळदा निर्णय इथंच होतो.

क्रीटचं साधं जेवण शाकाहारी माणसाला जितकं मानवतं तितकं युरोपात फार कमी ठिकाणी. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे वर्षभरात पुष्कळ उपास असतात. त्या दिवसांत ते मांस, अंडी, दूध काही घेत नाहीत, आणि त्यातून बिनमांसाच्या पदार्थांची मोठी परंपरा तयार झाली. अशा जेवणाला ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द पाठ करून जा, खानावळीत लगेच कळतो. पण त्यात एक खोच आहे, ती विसरू नका: या उपासाला शिंपले, कोळंबी, माकूळ चालतात. म्हणजे निस्तिसिमो म्हटल्यावरही ‘समुद्रातलं काहीच नको’ असं वेगळं सांगावं लागतं.

मग मागवायचं काय? ‘होर्ता’ मागवा: उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. पहिल्या पावसानंतर आपल्या बाजारात येणाऱ्या रानभाज्यांची चव ज्यांना आवडते, त्यांना हे हमखास आवडेल. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि तेल. ‘दाकोस’ म्हणजे जवाच्या कडक रस्कवर किसलेला टोमॅटो आणि मऊ मिझिथ्रा चीज. फरसबी, वांगी, बटाटे तेलात मुरवून केलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात. ‘येमिस्ता’, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, यात कधी कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या. जेवण झालं की न मागता फळं किंवा काहीतरी गोड येतं, सोबत छोट्या बाटलीत राकी, म्हणजे तिथली कडक दारू. त्याचे पैसे बहुधा लावत नाहीत. राकी घेत नसाल तर हात छातीवर ठेवून हसून नाही म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही.

माल्टात सशाचं मांस मानाचं आणि मासे रोजचे. तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘पास्तित्सी’ नावाची पापुद्र्याची करंजी कोपऱ्याकोपऱ्यावर गरम मिळते, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. पिठात कोणती चरबी घातली आहे ते मात्र विचारा. ‘बिजिल्ला’ ही घेवड्यासारख्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी पावाला लावून खायची. ‘फ्तीरा’ या पावात टोमॅटो, ऑलिव्ह, केपर असतात आणि बहुतेक वेळा ट्यूनाही असतो, म्हणून ‘ट्यूना नको’ हे मागवतानाच सांगा. इटली जवळ, त्यामुळे पास्ता आणि पिझ्झा कुठेही. शिवाय हल्ली माल्टात नोकरीसाठी आलेले भारतीय खूप आहेत, त्यामुळे भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानंही सापडतात. तिसऱ्या दिवशी ज्यांना वरण-भात आठवतो, त्यांची सोय माल्टात जास्त आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

समुद्र

पोहता येणारे आणि न येणारे यांची उत्तरं इथं वेगळी आहेत. माल्टाचा किनारा मुख्यतः खडकाळ आहे. लोक खडकावर टॉवेल टाकतात आणि शिडीनं थेट खोल पाण्यात उतरतात. पाणी काचेसारखं स्वच्छ, डायव्हिंगसाठी उत्तम. पण आपल्यासारख्या पाय भिजवणाऱ्यांसाठी वाळूचे किनारे मोजकेच: मेल्लीहाजवळचा उथळ आदिरा, गोल्डन बे, गोझोवरचा तांबूस वाळूचा रामला. कोमिनोच्या ब्लू लगूनचे फोटो पाहून माल्टा ठरवू नका. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि 2025 पासून आधी वेळ आरक्षित करावी लागते. गोझोवरची ‘अझ्युर विंडो’ ही खडकाची कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. जुन्या फोटोंत ती अजून दिसते, म्हणून सांगितलं.

वाळू आणि लहान मुलं हेच तुमचं सुट्टीचं चित्र असेल तर क्रीट निर्विवाद पुढे. एलाफोनिसीला गुलाबी झाक असलेली वाळू आहे आणि पाणी दूरपर्यंत गुडघाभर. फक्त हानियातून सकाळी लवकर निघा.

जुनं काय पाहायचं

इथं मी माल्टाच्या बाजूनं झुकते. गोझोवरची जगांतिया मंदिरं इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमाराची, इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. हाल साफ्लिएनी इथं जमिनीखाली खडक कोरून तीन मजली दफनस्थान केलं आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला कोरीव कामाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही, पण हे काम धातूची हत्यारं नसतानाचं आहे. दिवसाला 80 माणसांनाच आत सोडतात, म्हणून विमानाच्या तिकिटाच्या आधी याचं तिकीट पाहा. वॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्योचं 1608 सालचं भव्य चित्र आहे, त्यानं सही केलेलं एकमेव. वॅलेटात पायऱ्या आणि चढ फार. बंदरावरून वरच्या बराक्का बागेत नेणारी लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिचाच आधार घ्यावा.

क्रीटचा क्नोसोस हा प्राचीन राजवाडा हेराक्लिऑनपासून पाचेक किलोमीटरवर, शहराची बस जाते. पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी 1900 मध्ये तिथं उत्खनन सुरू केलं आणि बरेच भाग काँक्रीटनं पुन्हा उभे केले. ते लाल खांब पाहताना हे लक्षात असू द्या. बैलावरून उडी मारणाऱ्यांचं मूळ भित्तिचित्र हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. सकाळी उघडताच क्नोसोस, ऊन चढल्यावर संग्रहालय, असा क्रम ठेवा. पायांत बळ असेल तर समारिया दरी करा, 16 किलोमीटरची उतरण. शेवट आगिया रुमेलीला होतो आणि तिथून गाडीरस्ता नाही, बोटच. म्हणून बोटीची वेळ आधी पाहून ठेवा.

कधी, आणि कागदपत्रं

मेमधल्या शाळेच्या सुट्टीत दोन्ही छान, पाणी मात्र गार. समारिया साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, त्यामुळे एप्रिलमध्ये गेलात तर हुकेल. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर माल्टाच. नोव्हेंबर लागला की क्रीटच्या किनारी गावांतली हॉटेलं, बोटी बंद व्हायला लागतात, माल्टा बाराही महिने चालू असतं. जुलै-ऑगस्ट मी दोन्हीकडे टाळीन.

व्हिसाचं शुल्क प्रौढांना 90 युरो, वैद्यकीय विमा निदान 30,000 युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे क्रीटसाठी ग्रीसकडे, आणि वाटेत अथेन्सच्या दोन रात्री धरल्या तरी चालतं. अथेन्सहून क्रीटला तासाभराचं विमान आहे, पण मुलं सोबत असतील तर अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट घ्या: केबिनमध्ये झोपायचं, पहाटे हेराक्लिऑन किंवा हानियाला उतरायचं, आणि हॉटेलची एक रात्रही वाचते. फोनचा आपला दोन पिनांचा चार्जर क्रीटमध्ये तसाच बसतो. माल्टात चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्या.