सोलरच्या व्हेंट पाइपवर बसवलेलं टोपण

धायरीला आईबाबांच्या बंगल्यावर बसवलेल्या सोलर वॉटर हीटरची ही हकीकत. पुण्यात गच्चीगच्चीवर सोलर दिसतो, त्यामुळे यात फसण्यासारखं काही असेल असं वाटत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून विक्रेत्याचं नाव लिहीत नाही.

२०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर, ३८ हजार रुपये. विक्रेता बाबांना म्हणाला, "काका, सूर्यघर योजनेतून सबसिडी येईल, फक्त आधार आणि लाइटबिल द्या." हे धडधडीत खोटं. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेचं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातून एक पैसाही मिळत नाही. महापालिका मिळकत करात सवलत देते ती निराळी. या गृहस्थाने दोन्हींची बेमालूम खिचडी केली होती.

पण खरी फसवणूक पुढे आहे. सोलरच्या टाकीवर एक बारीक उभा पाइप असतो, तो व्हेंट. हवा आणि वाफ आतबाहेर जावी म्हणून तो उघडाच हवा, आणि त्याचं तोंड गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर हवं. आमचा फूटभर आखूड होता. वरची टाकी भरली की व्हेंटमधून पाणी सांडायचं. तक्रार केल्यावर त्यांचा माणूस आला. पाइपचा तुकडा आणि एक कपलिंग लावलं असतं तर काम झालं असतं. त्याने सरळ टोपण ठोकलं आणि सर्व्हिसच्या पावतीवर लिहिलं, "व्हेंट लीकेज बंद केले." सही, तारीख, सगळं व्यवस्थित.

मग विचित्र प्रकार सुरू झाले. शॉवरला कोमट पाणी आणि कमोडच्या फ्लशच्या टाकीत मात्र गरम! फोन केला की उत्तर तयार: ढगाळ हवा आहे, तुमचा गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ खराब आहे. पुण्यात ढगाळ हवेचं कारण पावसाळ्यात खपतं; भर जानेवारीत, कडक ऊन पडलेलं असताना? शेवटी टाकी गळायला लागली, तेव्हा म्हणाले, "बोअरच्या जड पाण्याने टाकी खाल्ली. वॉरंटीत बसत नाही. नवीन घ्यावी लागेल."

नऱ्ह्याच्या एका जुन्या प्लंबरला बोलावलं. त्यांनी पाने-पकड काढायच्या आधी सगळ्या पाइपांना नुसता हात लावून पाहिला. थंड पाण्याची लाइनही गरम! सोलरला वरच्या टाकीतून स्वतंत्र लाइन द्यायची, ती बाथरूमच्या लाइनमधून फोडलेली, आणि पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाहीच. खाली फ्लश केला की सोलरमधलं गरम पाणी उलटं खेचलं जायचं. व्हेंट बंद, म्हणजे त्या पाण्याच्या जागी आत हवा शिरायला वाट नाही. मग टाकीच आत ओढली जाते. बाहेरचा पत्रा जसाच्या तसा होता. तो आणि फोम काढल्यावर आतली टाकी दाबलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीसारखी चेपलेली निघाली, जोडावर चीर. "ताई, क्षाराने पाणी कमी तापेल, हळूहळू भोकंही पडतील. पण टाकी अशी आत ओढली जाणार नाही," प्लंबर म्हणाले. गरम पाण्याला वापरलेला पाइपही साधा पीव्हीसी होता, उन्हाने आणि उष्णतेने वाकलेला. तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी लागतो, वरून इन्सुलेशन.

नवीन सोलर दुसरीकडून घेतला. स्वतंत्र लाइन, व्हॉल्व्ह, उंच उघडा व्हेंट. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर तर घेतलाच, शिवाय बसवण्याच्या कामाची जबाबदारी कोणाची हेही लिहून घेतलं. पहिल्या बिलावर नुसतं "सोलर मटेरियल" होतं, त्यामुळे कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखवायची आणि विक्रेता कंपनीकडे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने दाद दिली नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. टोपण लावल्याची पावती जोडली आहे, टाकी उघडतानाचे फोटोही. नवीन सोलरवाले जुनी टाकी भंगारात न्यायला तयार होते. दिली नाही. निकाल लागेपर्यंत ती पार्किंगमध्येच राहणार आहे, आईने कितीही कटकट केली तरी.