प्रकल्प अहवाल करून देणाऱ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या मॅडम

कळव्यात मी घरगुती मसाले करून विकते. कांडप यंत्रासाठी 4 लाखांचं कर्ज हवं होतं. एका एजंटाने आधी नुसत्या उद्यम नोंदणीचे (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) 2,500 रुपये घेतले. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, हे या मॅडमकडे गेल्यावर कळलं. फार राग आला.

तोच एजंट 'पीएमईजीपीचं (उद्योग काढायला कर्जावर अनुदान देणारी सरकारी योजना) अनुदान मिळवून देतो' म्हणत होता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "ती योजना नव्या उद्योगालाच आहे, ताई. तुमचा धंदा चालू आहे. तुम्ही मुद्रामधून किशोर घ्या." म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतला 'किशोर' गट: 50 हजारांच्या पुढे 5 लाखांपर्यंत कर्ज, तारणाशिवाय. अनुदान मात्र नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. प्रकल्प अहवालात, म्हणजे बँकेला द्यायच्या धंद्याच्या खर्च-उत्पन्नाच्या आराखड्यात, पावसाळ्यातली मंदी आणि मिरचीचा चढा भाव दोन्ही धरायला लावले. बँकेत साहेबांनी नेमकं तेच विचारलं, आणि मला उत्तर येत होतं!

फी 4,000, पावतीसकट. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शनिवारी तासभर ताटकळावं लागतं. तरी जा. यंत्राचं कोटेशन आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सोबत न्या.