व्हीसीव्ही रॅक २: काही महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात व्हीसीव्ही रॅक या संगीताच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लॅपटॉपवर उतरवून घेतली, आता दिवाळी होऊन गेली. मधल्या काळात रात्री जेवणं आटोपली की बहुतेक वेळा तेच उघडलंय, आणि तेही एकाच कामासाठी: ना चाल, ना ठेका, नुसते लांबच लांब पसरणारे आवाज. त्यामुळे पुढचं सगळं अँबियंट (चाल-ठेक्याऐवजी वातावरण उभं करणारं संगीत) आणि नॉइज (खरखरीतून घडवलेलं संगीत) करणाऱ्यांसाठी. गाण्यांचं अरेंजिंग करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

रॅक म्हणजे पडद्यावरचं मॉड्यूलर सिंथेसायझर: मॉड्यूल म्हणजे सुटे भाग, ते केबलने जोडून आवाज घडवायचा. अँड्र्यू बेल्ट यांनी ते २०१७ मध्ये आणलं, दुसरी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस आली. उघडल्यावर एक साधा पॅच, म्हणजे मॉड्यूल आणि केबलची तयार जुळणी, जोडलेला मिळतो. तो पुसून टाका आणि रिकाम्या रॅकपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन.

कारण या सॉफ्टवेअरचं खरं बळ मला उशिरा कळलं, आणि ते आवाजांच्या प्रकारांत नाहीच. इथे सगळंच व्होल्टेज आहे. जे ऐकू येतं तेही आणि जे ऐकू न येता दुसऱ्याला हलवतं तेही. कुठल्याही केबलचं टोक कुठेही लावा. अँबियंटमध्ये तुकडा जिवंत राहतो तो या न ऐकू येणाऱ्या, अतिशय संथ व्होल्टेजवर.

उदाहरण देतो. एक ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारं मॉड्यूल, ११० हर्ट्झवर ठेवा. दुसऱ्याच्या नॉबवर राइट-क्लिक करून ११०.१ टाइप करा. दर दहा सेकंदांनी आवाज भरून येतो आणि ओसरतो. आता तिसरा १०९.९३ वर. पहिल्याशी त्याचं आवर्तन साधारण चौदा सेकंदांचं, दुसऱ्याशी सहाच्या आसपास. तीन लाटा एकमेकींत अशा गुंततात की पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज लागत नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या, पण अगदी जुळायच्या राहिल्या, की जो जिवंतपणा येतो तो इथे आकड्यांत पकडता येतो. एवढ्यावर मी आठवडेच्या आठवडे काढले आहेत.

नॉइजचं, म्हणजे खरखरीचं, मॉड्यूल सोबतच मिळतं. पांढरा, गुलाबी, लाल, निळा असे वेगवेगळे रंग त्यात आहेत. पांढरा थोड्याच वेळात कानाला टोचतो. गुलाबी दर ऑक्टेव्हला ३ डेसिबलने उतरतो, लाल ६ डेसिबलने. म्हणून बराच वेळ ऐकायचं असेल तर लालच घ्यावा. तो फिल्टरमधून काढा आणि फिल्टरचा कटऑफ (ज्या कंपनसंख्येपासून तो आवाज कापतो ती) रँडम मॉड्यूलच्या स्मूथ आउटपुटला जोडा, वेग अगदी तळाला. लांबून समुद्र ऐकल्याचा भास होतो, पण लाट कधी येईल ते ठरलेलं नसतं.

टेक्स्चर सिंथेसायझर हे मॉड्यूल माझं सर्वांत लाडकं. पॅरिसच्या एमिली जिले यांनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्ससाठी केलेल्या ‘क्लाउड्स’ या हार्डवेअरचा हा अवतार. त्यांनी कोड खुला ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत फुकट पोहोचला. येणारा आवाज साठवून त्याचे बारीक कण करून तो परत पेरतो. सर्वांत चांगल्या दर्जात जेमतेम एक सेकंद साठतो, सर्वांत खालच्या दर्जात आठ. मी खालचाच वापरतो. जुलैत मोबाइलवर टिपलेला पत्र्यावरचा पाऊस त्यात सोडला, फ्रीझ दाबलं आणि कणांचा आकार हळूहळू वाढवत नेला. थेंब ओळखू येईनासे झाले आणि घुमणारा एकच सूर उरला. तो ‘प्लॅटो’ या मोफत रिव्हर्बमध्ये (मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा देणारं मॉड्यूल) सोडून पाहाच.

फीडबॅक करताना जपा. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सँपलचा (डिजिटल आवाजाच्या सर्वांत छोट्या तुकड्याचा) उशीर लावते, त्यामुळे आउटपुट परत इनपुटला बिनदिक्कत जोडता येतं. पण वाटेत व्हीसीए (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारं मॉड्यूल) आणि शेवटी लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज रोखणारं) हवाच. हेडफोन काढून, स्पीकर बारीक ठेवून आधी ऐका. कान एकदा गेले की परत येत नाहीत.

मर्यादाही आहेत. मोफत आवृत्ती रीपरसारख्या डीएडब्ल्यूमध्ये (संगीत रेकॉर्ड आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर) प्लगइन म्हणून, म्हणजे त्याच्या आत उघडून, चालत नाही. त्याला प्रो विकत घ्यावी लागते. तेवढ्यासाठी खर्च नको असेल तर रॅकवरूनच बेतलेलं ‘कार्डिनल’ हे मुक्त सॉफ्टवेअर प्लगइन म्हणून चालतं, मात्र त्यात आपल्या पसंतीची मॉड्यूल वरून टाकता येत नाहीत. प्रोसेसरवरचा भार हा दुसरा मुद्दा. आवाज तुटायला लागला तर प्रत्येक मॉड्यूल किती खातं ते मीटर चालू करून बघा, दोषी लगेच सापडतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन रिव्हर्ब एकत्र चालत नाहीत, म्हणून दुसरा मी नंतर रीपरमध्ये लावतो.

आणि एक, नव्याने येणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं. पॅच सेव्ह केला म्हणजे तुकडा सेव्ह झाला असं धरू नका. केबल आणि नॉब परत मिळतील. रँडमने त्या रात्री घेतलेली वळणं मिळणार नाहीत. रेकॉर्डर मॉड्यूलही मोफत आहे. पहिली केबल जोडायच्या आधी ते चालू करा, नको असलेलं नंतर कापता येतं.