गॅलरीत आधी काय लावावं: टोमॅटो, काकडी की सॅलडची पानं?

पहिल्यांदा भाजी लावणारे बहुतेक जण टोमॅटोपासून सुरुवात करतात आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. टोमॅटो तसा अवघड नाही, पण त्याला ऊन, खोल कुंडी, आधार, ठरलेलं खत आणि साडेतीन-चार महिन्यांची देखभाल लागते. यातलं एक जरी कमी पडलं तरी ते उशिरा कळतं, झाड चार फूट झाल्यावर. मुळा किंवा पालक चुकला तर तीन आठवड्यांत समजतं आणि त्याच मातीत पुन्हा पेरता येतं. म्हणून आमचा कौल सरळ आहे: सुरुवात पानांनी आणि मुळ्याने करा. मात्र गॅलरीत सहा तास ऊन येत असेल आणि दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे असतील, तर टोमॅटोही सोबत घ्या.

ऊन मोजा, मग बियाणं घ्या

पुणे, मुंबई, नाशिक हा पट्टा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर येतो. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं ते नेमकं हिवाळ्यात, म्हणजे टोमॅटोच्या हंगामात. उत्तरेच्या गॅलरीत त्या काळात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. जे येतं ते मे ते जुलैमध्ये, जेव्हा ते टोमॅटोच्या कामाचं नसतं. पूर्वेला सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन मिळतं, ते पानांसाठी उत्तम. पश्चिमेला दुपारनंतरचं कडक ऊन येतं. तिथे चेरी टोमॅटो जमतो, पण काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून मुळं भाजतात. कुंडीला बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळलं तर फरक पडतो.

मोजायचं कसं? ज्या महिन्यात लावणार त्याच महिन्यातला एक मोकळा दिवस निवडा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला कुंडीच्या उंचीवर हात धरून पाहा. हाताची सावली जमिनीवर स्पष्ट पडली तर तो तास धरायचा. कठड्याची भिंत, ग्रिल आणि समोरची इमारत किती ऊन खातात ते असं मोजल्याशिवाय कळत नाही.

| पीक | थेट ऊन | मातीची खोली | पहिली तोडणी | पेरणी (पठारी भाग) |
|---|---|---|---|---|
| लाल गोल मुळा | ४-५ तास | ६ इंच | पेरल्यापासून २५-३० दिवस | ऑक्टोबर ते फेब्रुवारी |
| पालक, मेथी | ३-४ तास | ६-८ इंच | २५-३५ दिवस | कडक उन्हाळा सोडून |
| पानांचा लेट्यूस | ३-४ तास | ६-८ इंच | ३५-४५ दिवस | नोव्हेंबर ते मध्य जानेवारी |
| काकडी | ६ तास | १२ इंच | ४५-५० दिवस | जून-जुलै, जानेवारी-फेब्रुवारी |
| चेरी टोमॅटो | ५-६ तास | १२ इंच | रोप लावल्यापासून ५५-६५ दिवस | सप्टेंबर-ऑक्टोबर |
| मोठा टोमॅटो | ६-८ तास | १२-१४ इंच | रोप लावल्यापासून ६५-८० दिवस | सप्टेंबर-ऑक्टोबर |

मुंबई, कोकण आणि गोव्यात हे वेळापत्रक महिनाभर पुढे सरकवा. तिथे ऑक्टोबरच्या रात्री उबदारच असतात.

पानं आणि मुळा: लवकर हाती, उन्हाला नाजूक

लेट्यूस घ्यायचा तर गड्डा धरणारा आइसबर्ग टाळा, सुट्या पानांचा घ्या. गड्ड्याला दीर्घ थंडी लागते, ती आपल्याकडे क्वचितच मिळते. सुट्या पानांच्या झाडाची बाहेरची तीन-चार पानं तोडत गेलं, मधला कोंब राखला, तर एकाच झाडातून महिनाभर पानं मिळतात.

‘बी खराब निघालं’ ही लेट्यूसबद्दलची नेहमीची तक्रार असते, पण दोष बहुधा उष्णतेचा किंवा खोल पेरणीचा असतो. माती २७-२८ अंशांच्या वर तापली की अनेक वाणांचं बी झोपून राहतं. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. बी ओल्या मातीवर टाका, बोटाने हलकं दाबा, वर जेमतेम चिमूटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरा आणि पाणी फवाऱ्यानेच द्या. दिवस गरम असतील तर बी ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग संध्याकाळी पेरा. उगवल्यावर दोन रोपांत आठ इंच अंतर ठेवून बाकीची काढा. काढलेली कोवळी रोपं थेट ताटात जातात.

फेब्रुवारीत ऊन वाढलं की मधला दांडा उंच जाऊ लागतो, पानं कडू होतात आणि तोडलेल्या देठातून पांढरा चीक येतो. इथे खत-पाणी वाढवून काही होत नाही. झाड काढा आणि जागा मोकळी करा.

लेट्यूसचाच हट्ट धरण्याचं कारणही नाही. कोवळा पालक, पातीचा कांदा, कोथिंबीर, मुळ्याचा कोवळा पाला हे सगळं कच्चं खाण्याजोगं आहे. ज्या घरात मेथीचा घोळाणा (कच्च्या मेथीची कोशिंबीर) होतो तिथे सहा इंच खोल ट्रेमध्ये दाट पेरलेली मेथी लेट्यूसपेक्षा जास्त कामाची, आणि ती स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या दाण्यांपासून उगवते. दाणे रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा.

मुळ्यात एकच गोष्ट हमखास बिघडते: वर भरपूर पाला, खाली नुसतं शेपूट. कारणं तीन. दाट पेरणी, कमी ऊन किंवा मातीत नको इतकं खत. गोल मुळ्याच्या दोन रोपांत दोन इंच हवेतच, आणि विरळणी उगवल्यानंतर आठवड्याच्या आत करा. तयार मुळा जास्त दिवस मातीत ठेवला तर तो चिरतो किंवा आतून जाळीदार होतो. लांब पांढरा हवा असेल तर ‘पुसा चेतकी’ हा वाण उष्णता सोसतो, पण त्याला फूटभर खोली लागते.

काकडी: दुसऱ्या हंगामासाठी राखून ठेवा

काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीची सगळी नर असतात आणि गळून पडतात, तेव्हा घाबरायचं कारण नसतं. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी दिसते. डासांची जाळी लावलेल्या गॅलरीत मधमाश्या पोचत नाहीत, म्हणून सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हाताने लावावे लागतात. न लावल्यास ती इवलीशी काकडी पिवळी पडून गळते. ‘हिमांगी’, ‘पुणे खिरा’ हे इथले चांगले वाण आहेत, पण त्यांनाही परागीभवन लागतंच. वर पाच-सहा फुटांची जाळी, भरपूर पाणी आणि दमट हवेत भुरी-केवडा या पानांवरच्या रोगांवर नजर, एवढं सगळं पहिल्याच खेपेला अंगावर घेऊ नका.

टोमॅटो: मोठा की चेरी?

इथे निवड करताना फळाच्या आकाराआधी झाडाची वाढ पाहा. झुडुपी वाणाची वाढ तीन फुटांच्या आसपास थांबते आणि फळं दोन-तीन आठवड्यांत एकदम येतात. वेलीसारखा वाढणारा वाण सहा फूट आणि वर जातो, थोडी थोडी फळं बराच काळ देतो. ‘पुसा रुबी’ असा उंच जाणारा आहे, बहुतेक चेरी वाणही तसेच. कमी उंचीच्या गॅलरीत झुडुपी सोयीचा.

नवख्या माणसासाठी आम्ही चेरीच सुचवू. फळ लहान असल्याने ऊन तासभर कमी पडलं तरी ते पिकतं, पाणी थोडं मागेपुढे झालं तरी त्याचा तळ सहसा काळा पडत नाही, आणि एक फळ अळीने खाल्लं तरी घोसातली बाकीची उरतात. मोठा टोमॅटो रोजच्या भाजी-आमटीला लागतो हे खरं, पण एका झाडाची दोन-तीन किलो फळं घराला वर्षभर पुरत नाहीत. झाडावर पिकलेल्या फळाची चव हे घरी लावण्याचं खरं कारण आहे, आणि ती चेरीत पुरेपूर मिळते.

बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरलं तर उगवतं, पण तो बहुधा संकरित असल्याने पुढचं झाड तसंच निघेल याची खात्री नसते. पाकिटातलं बी पाव इंच खोल पेरा. पाच ते आठ दिवसांत उगवेल. उगवताच पूर्ण उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबट, लुकडी होतात. २५-२८ दिवसांनी चार-पाच खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की लावा, आणि खालची दोन पानं काढून खोड तिथपर्यंत मातीत गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. लेट्यूसच्या बाबतीत हे कधी करू नका, त्याचा कोंब मातीत गेला की कुजतो.

काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी खोडाभोवती सैल, काठीला घट्ट बांधा. उंच जाणाऱ्या वाणाच्या पानांच्या बगलेतली फूट बोटभर असतानाच खुडा, एक किंवा दोनच फांद्या वर जाऊ द्या. झुडुपी वाणाची मात्र खुडू नका, तिच्यावरच फळं येतात.

फुलं येतात आणि गळतात, याची मुख्य कारणं दोन. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४-२५ च्या वर तापमान राहिलं की पराग निकामी होतात, म्हणूनच मार्चअखेरनंतर नवी फळं फारशी धरत नाहीत. दुसरं कारण बंदिस्त गॅलरी. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण पराग सुटायला हलावं लागतं. वारा नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या मागे बोटाने टिचक्या मारा. झाड गडद हिरवं, जाडजूड आणि फुलं मोजकी असतील तर खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं आहे.

फळाचा तळ काळा, चामड्यासारखा होणं हा रोग नव्हे. कॅल्शियम फळापर्यंत पोचलं नाही याची ती खूण असते, आणि ते पाण्याबरोबर चढतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हमखास होतं. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्यांचा या हंगामात उपयोग नाही. आधी पाणी नियमित, ठरल्या वेळी द्या, मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. फळ तडकण्याचं कारणही बहुधा हेच.

पानं वर वळून आखडली, झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका. प्रतिबंध म्हणून पिवळा चिकट सापळा टांगा आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल व २-३ थेंब पातळ साबण घालून पानांच्या खालून फवारा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ (हाच पानं आखडवणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर (झाड अचानक सुकून जाणं) आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करतो. मोठा टोमॅटोच हवा असेल तर हाच शोधा, विशेषतः कोकण-गोव्यात, जिथे जिवाणूजन्य मर फार आहे.

कुंडी, माती, पाणी

१२ × १२ इंचांच्या गोल ग्रोबॅगमध्ये (झाडं लावायच्या पिशवीत) सुमारे २२ लिटर मिश्रण मावतं. टोमॅटो किंवा काकडीला अशी एक बॅग, एक झाड. दोन लावली की दोन्ही फसतात. जुनी २० लिटरची बादली चालते, तळाला अर्ध्या इंचाची सहा-सात भोकं पाडा. मातीची कुंडी मुळं थंड ठेवते पण जड असते आणि लवकर सुकते. पानांना उथळ, रुंद ट्रे किंवा फळांचा थर्माकोलचा खोका पुरतो.

मिश्रण: चार भाग तांबडी किंवा गाळाची माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग कोकोपीट, आणि दर बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवल्यावर साधारण ७० लिटर होते. ती दोनदा धुऊन घ्या, त्यातलं मीठ रोपांची पानं करपवतं. ओली बॅग वीस किलोच्या आसपास भरते, म्हणून ती कठड्यावर न ठेवता भिंतीलगत खाली ठेवा.

पानांच्या भाज्यांना दर दहा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) लिटरला १ ग्रॅम पुरे. टोमॅटोला फुलं येईपर्यंत तेच २ ग्रॅम, नंतर १३:०:४५. रासायनिक नको असेल तर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. फळं धरलेल्या टोमॅटोला हिवाळ्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी लागतं, मार्चमध्ये त्याच्या दुप्पट. बोट दोन इंच मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी थांबा.

एकच बॅग असेल तर

ऊन चार तासांच्या आत असेल तर टोमॅटोचा विचारच सोडा. पालक, मेथी आणि थंडीत लेट्यूस लावा. सहा तास असेल तर दोन्ही साधतं. सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बॅग भरताना गांडूळखत निम्मंच घाला आणि वर गोल मुळा पेरा. त्याच दिवशी तळाला भोक पाडलेल्या दोन कागदी पेल्यांत चेरी टोमॅटोचं दोन-दोन बी टाका. चार आठवड्यांनी मुळे निघतात आणि रोपं लावण्याजोगी झालेली असतात. राहिलेलं गांडूळखत आणि निंबोळी पेंड मिसळा, सशक्त रोप निवडून मधोमध लावा, काठी रोवा. नोव्हेंबरच्या मध्यावर शेजारी लेट्यूसचा ट्रे पेरा आणि तो टोमॅटोच्या दुपारच्या सावलीत येईल असा ठेवा.