केशरोपणाचे बिल, आईचा मोतीबिंदू आणि विश्रामबागेतील करसल्लागार

सांगलीत विश्रामबागेत कार्यालय असलेल्या एका करसल्लागारांकडे मी विवरणपत्रासाठी प्रथमच गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन बिले होती: एक माझ्या केशरोपणाचे आणि दुसरे आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे, जी मिरजेत झाली.

पहिल्या बिलावर त्यांनी पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ ओढली: ८०,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,४०० रुपये. वैद्यकीय उपचारांना जीएसटी माफ असला तरी केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया त्यातून वगळल्या आहेत. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांवरील शस्त्रक्रियेलाच ती माफी मिळते. मग माझे कारण अपघाताचे असते तर आयकरातही वजावट मिळाली असती का, असे मी विचारले. ते म्हणाले, “हा कायदा वेगळा, साहेब. आयकराला हौस का गरज, याच्याशी देणंघेणं नाही.”

साठीच्या आतील माणसाला स्वतःच्या उपचारखर्चाची वजावट मिळते ती १९६१च्या आयकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमाखाली, कर्करोग किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशा ठरावीक आजारांसाठीच, ४०,००० रुपयांपर्यंत. (माझे बिल तिथे ‘बसवून देतो’ म्हणणारा एक एजंट मला आधी भेटला होता. यांनी ते ऐकून नुसते हात जोडले.) त्याच कायद्याच्या ८०डी कलमाखाली मात्र साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांचा वैद्यकीय खर्च ५०,००० रुपयांपर्यंत वजा होतो, फक्त तो रोखीने दिलेला नसावा. आईच्या ४८,००० रुपयांपैकी १८,००० मी काउंटरवर रोख भरले होते, ते गेले. यूपीआयने दिलेले ३०,००० धरले गेले. माझ्या नियमित आरोग्य तपासणीचे २,२०० रुपये रोख देऊनही चालले, कारण प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० रुपयांच्या मर्यादेत, रोखीची आडकाठी नाही.

या वजावटी आयकराच्या जुन्या करप्रणालीतच लागू असल्याने त्यांनी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रणालींचे आकडे शेजारीशेजारी मांडून दाखवले. गृहकर्जाच्या वजावटीमुळे मला जुनी परवडली.

तक्रार दोन गोष्टींची आहे. वेळ ठरवूनही दीड तास बाकड्यावर बसावे लागले, आणि या तुलनेचे शुल्क वेगळे आहे हे पावती हातात पडल्यावर कळले. पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडेच जाईन, पण शुल्क आधी फोनवर विचारून.