ट्रेकचं पुस्तक घ्यायचंय? आधी लोहगडाचं पान उघडा

दिवाळीच्या आधी एका पुस्तक प्रदर्शनातून मी सह्याद्रीतल्या ट्रेकची तीन पुस्तकं एकदम उचलली. राहतो डोंबिवलीत, हातात फक्त शनिवार-रविवार, आणि बरोबर बहुतेक वेळा कॉलेजात जाणारा भाचा. आता जून उजाडलाय. तिन्ही पुस्तकं भरपूर वापरून झाली, त्यातल्या एकाची पानंही सुटली. म्हणून हा अनुभव.

पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि माझ्या हातातली आवृत्ती तुम्हाला मिळेलच असं नाही. ओळखीसाठी एवढं पुरे: एक जाडजूड, जिल्हावार किल्ले आणि त्यांचा इतिहास देणारं. दुसरं खिशात मावणारं, एक-दोन दिवसांच्या वाटांचं, हाताने काढलेल्या नकाशांचं. तिसरं इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, पानभर रंगीत फोटोंचं.

इंग्रजी पुस्तकाचं आधीच उरकून टाकतो. दोनदा नेलं, तिसऱ्यांदा घरी ठेवलं. वजन फार, आणि फोटो सगळे माथ्यावरून काढलेले. माथ्यावर पोचलेल्या माणसाला फोटोची गरज नसते. फाटा कसा दिसतो याचा एकही फोटो नाही. पाहुण्यांना दाखवायला छान आहे.

आता मुद्द्याचं. पहिल्या दोन महिन्यांतच कळलं की पुस्तक पारखायचं असेल तर आपल्याला पाठ असलेल्या डोंगराचं पान आधी वाचावं. माझ्यासाठी ते लोहगड-विसापूर. मळवलीला उतरून भाजे गावावरून इतक्यांदा गेलोय की पाय आपोआप वळतात. दोन्ही किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीतून विसापूरला निघालं की वाट रानातून जाते आणि मग एका घळीत शिरते. त्या रानात वळायची जागा पहिल्या खेपेला माझीही हुकली होती. पावसाळ्यात तर घळीतल्या पायऱ्यांवरून पाणीच धावत असतं. तर प्रश्न असा, की पुस्तक या दोन गोष्टी सांगतं का? जाड पुस्तकात लोहगडाच्या गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजावर दोन पानं होती आणि विसापूरच्या वाटेवर दीड ओळ: 'खिंडीतून विसापूरला जाता येते.' छोट्या पुस्तकात दरवाजांना एक वाक्य, पण खिंडीपासून घळीपर्यंत सहा ओळी, आणि पावसात घळीतून चढू नये ही सूचना ठळक. तिथेच ठरलं की सॅकमध्ये कोण जाणार. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होणारी ही परीक्षा मी विकत घेतल्यावर केली, हे माझं शहाणपण.

छोट्या पुस्तकाची भाषा वाट चाललेल्या माणसाची आहे. 'डावीकडे वळावे' एवढ्यावर ते थांबत नाही. किल्ला कोणत्या हाताला ठेवायचा, सोंडेवरून जायचं की पदरातून (डोंगराच्या मधल्या सपाटीवरून), ढोरवाट कुठे फसवते, हे लिहितं. हरिश्चंद्रगडाला आम्ही खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरच्या बाजूने गेलो. तोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि वर आल्यावर संपता न संपणारी टेकड्यांची चढउतार. 'देऊळ जवळ जाईपर्यंत दिसत नाही, टेकड्या मोजू नयेत' असं पुस्तकात होतं. भाच्याने अर्थातच मोजल्या. चौथ्या टेकडीला त्याचा चेहरा पडला, पण आपण चुकलोय का ही शंका मात्र दोघांनाही आली नाही.

भीमाशंकरच्या वेळीही तेच. खांडसहून दोन वाटा, शिडी घाट आणि गणेश घाट. जाड पुस्तक दोन्हींना 'प्रेक्षणीय' म्हणतं. छोटं म्हणतं की सोबत नवखा असेल तर गणेश घाटाने जा, शिडी घाट पावसात नकोच, आणि उतरायला तर कोरड्या दिवसांतही नको. एका ओळीत भांडण मिटलं. भाच्याला शिड्यांवरूनच जायचं होतं.

तक्रारीही आहेत. वेळा भलत्याच आशावादी. कळसूबाई बारीहून अडीच तास म्हणे! लेखक बहुधा रिकाम्या हाताने पळत गेला असावा. आम्हाला चार लागले, त्यात शिड्यांवरची रांग धरलेली नाही. चार-पाच ट्रेकनंतर हिशोब बसला: पुस्तकातला वेळ दीडपट करायचा, त्यात जेवणाचा अर्धा तास घालायचा, मग परतीची लोकल ठरवायची. गंमत म्हणजे लेखक सगळीकडे सारख्याच प्रमाणात घाई करतो, त्यामुळे हे गणित क्वचितच चुकतं. वेळा चुकीच्या असल्या तरी चालतं, एकाच मापाने चुकलेल्या हव्यात.

दुसरी तक्रार तिन्ही पुस्तकांबद्दल. प्रत्येक किल्ल्याच्या नावाखाली उंची, तीही समुद्रसपाटीपासूनची. मला तिचा काय उपयोग? कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, पण बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर बसलेलं. उलट हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, म्हणजे आकड्यात कमी, पण कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढणाऱ्याला त्यातलं बरंचसं अंगावर घ्यावं लागतं. पायथ्यापासूनची चढाई द्या, एवढंच मागणं आहे. शेवटी मी सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे घेतले. त्यात २ सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि दर २० मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी. पेन्सिलीने रेषा मोजून चढाई पुस्तकाच्या समासात लिहून ठेवतो. पुस्तकातल्या हाताने काढलेल्या नकाशांना प्रमाणही नाही आणि काही पानांवर उत्तरेचा बाणही नाही. ओढा, देऊळ, वडाचं झाड मात्र बरोब्बर जागेवर. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की काम भागतं.

पाण्याबद्दल सावध राहा. 'बारमाही टाके' हा शब्द ही पुस्तकं फार सढळ हाताने वापरतात. एप्रिलमध्ये कर्जतहून आंबिवलीमार्गे पेठच्या किल्ल्यावर गेलो. सुळक्याच्या पोटातून कोरलेला तो जिना पाहून भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. पण गुहेजवळच्या टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं, वर पाला कुजलेला. पेठ गावात एका मावशींनी कळशी पुढे केली म्हणून बरं. लेखक पावसाळ्यानंतर गेला असणार, त्याचं पाणी खरं होतं. फक्त महिना लिहायला हवा होता.

आता जे खरंच खटकलं ते. छोट्या पुस्तकात इर्शाळगडाच्या पानावर छापलंय: 'इर्शाळवाडीत चहा-जेवणाची सोय होते.' १९ जुलै २०२३ च्या रात्री ती वाडी दरडीखाली गेली. घरं गेली, माणसं गेली. मी पुस्तक घेतलं ते त्यानंतर, आणि आत 'नवे पुनर्मुद्रण' असं लिहिलेलं. तेव्हापासून पहिलं पान नीट वाचतो. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. सुधारित आवृत्ती लिहिलं असेल तर निदान कुणीतरी पुन्हा हात फिरवलाय असं धरायला जागा असते. ती ओळ वाचून भाच्याने विचारलं, 'मामा, मग ही जेवणाची सोय करणारी माणसं?' मी पुस्तक मिटलं. तो ट्रेक आम्ही केला नाही.

त्या मानाने एस.टी.च्या वेळा जुन्या असणं फारच किरकोळ. 'मुक्कामी गाडी सकाळी निघते' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे डेपोच्या कंट्रोल केबिनवर विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आम्ही एकदा अशा गाडीची वाट पाहत गावाच्या पारावर दोन तास काढले. शेवटी दुधाच्या टेम्पोतून आलो.

मोबाईल असताना पुस्तक कशाला, असं ऑफिसात सगळे विचारतात. फोनवर मीही ट्रॅक, म्हणजे आधी गेलेल्या कुणीतरी जीपीएसवर नोंदवलेली वाट, उतरवून घेतो. पण राजमाचीला कोंढाणे लेण्यांच्या वर कारवीच्या रानात एक ट्रॅक आम्हाला सरळ निवडुंगात घेऊन गेला. तो टाकणारा स्वतःच तिथे वाट चुकून परत फिरला होता, आणि त्याचं चुकणंही इमानेइतबारे नोंदलं गेलं होतं! पुस्तकात मात्र 'लेण्यांवरून चढताना ओढ्याचा नाद धरू नये' असं स्पष्ट होतं. ते मी घरी वाचलं होतं आणि विसरलो होतो. तेव्हापासून आदल्या रात्री ते पान भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतो.

बांधणीबद्दल थोडं. छोटं पुस्तक नुसतं चिकटवलेलं आहे. तिसऱ्या महिन्यातच माहुलीची पानं सुटली; आसनगावला रिक्षात बसताना वाऱ्याने उडालेलं एक पान भाच्याने धावत जाऊन पकडलं. निवडायला वाव असेल तर शिवलेल्या बांधणीचं घ्या. मी आता ज्या ट्रेकला जायचं ती तीन-चार पानं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, आणि आल्यावर परत रबर लावून ठेवतो. पुस्तकाचे हाल आहेत, पण वाट हातात राहते.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर छोटंच घेईन, फक्त सुधारित आवृत्ती निघाल्यावर. इर्शाळवाडीबद्दल आणि पेठच्या टाक्याबद्दल प्रकाशकाला पत्र टाकलंय, महिन्यासकट. जाड पुस्तक फुकट गेलेलं नाही. ते बाबांच्या खुर्चीशेजारी असतं. गुडघ्यांमुळे त्यांना आता सिंहगडही होत नाही. पण रविवारी संध्याकाळी आम्ही कर्जतला लोकलमध्ये बसलो की त्यांचा फोन येतो, किल्ल्याचं पान उघडून बसलेले असतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: 'तो दुसरा दरवाजा पाहिलात का?' बहुतेक वेळा आम्ही पाहिलेला नसतो.